घर तिच्या नावावर नसलं तरी: निवास आदेशासाठी अर्ज कसा करायचा

‘फ्लॅट माझ्या आईच्या नावावर आहे, निघ इथून.’ हे ऐकून बायका बॅग भरतात. कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण अधिनियम, २००५ च्या कलम १७ नुसार बाईला सामायिक घरात, म्हणजे कौटुंबिक नात्याने ती जिथे राहते किंवा राहिली आहे त्या घरात, राहण्याचा हक्क आहे, मग मालकी कुणाचीही असो. सासू-सासऱ्यांचं घरही सामायिक घर ठरू शकतं, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये सतीशचंदर आहुजा प्रकरणात सांगितलं. हा हक्क राहण्याचा आहे, मालकीचा नव्हे. तो टिकवण्यासाठी कोर्ट देतं तो निवास आदेश.

अर्ज फक्त बायकोच करू शकते असं नाही. आई, बहीण, मुलगी, विधवा सून, लग्नाविना पती-पत्नीसारखी राहिलेली जोडीदार, या सगळ्यांना तो करता येतो. माहेरी आला असाल तर तिथल्याच न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज चालतो. मुक्काम तात्पुरता असला तरी.

आधी महिला व बालविकास विभागाच्या संरक्षण अधिकाऱ्याला भेटा. ते घटनेचा अहवाल तयार करतात आणि कलम १२ चा अर्ज भरायला मदत करतात. थेट कोर्टातही जाता येतं. वकील जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत मिळतो; महिलांना उत्पन्नाची अट नाही.

खरी मेख अर्जाच्या मजकुरात आहे. पुष्कळ अर्ज पोटगीवरच थांबतात. कलम १९ खाली काय हवं ते स्पष्ट लिहा: घराबाहेर काढू नये, घर विकू नये, नवऱ्याने घर सोडावं, किंवा त्याच दर्जाचं दुसरं घर अथवा त्याचं भाडं द्यावं. (घर सोडण्याचा आदेश सासू-नणंदेविरुद्ध मिळत नाही.) स्त्रीधन परत मिळण्याची मागणीही इथेच करा. कायद्यात निकालासाठी ६० दिवस लिहिलेत, त्यावर विसंबू नका. कलम २३ खाली प्रतिज्ञापत्र जोडून अंतरिम (निकाल लागेपर्यंतचा) आदेश अर्जाच्याच दिवशी मागा. तो समोरच्याला न ऐकताही देता येतो.

कागदपत्रं: आधार, लग्नाचा दाखला किंवा पत्रिका-फोटो, त्या घरात राहिल्याचा पुरावा (रेशनकार्ड, गॅसचं पुस्तक, मुलांच्या शाळेचे कागद), दवाखान्याचे कागद, पोलिसांतली एनसी (अदखलपात्र गुन्ह्याची नोंद), मोबाइलवरचे मेसेज. सगळं घरातच अडकलं असेल तर अर्जात तसं लिहा आणि आहे तेवढ्यावर दाखल करा.

आज रात्रीच बाहेर पडावं लागलं तर ११२ (आपत्कालीन) किंवा १८१ (महिला हेल्पलाइन) ला फोन करा. संकटातल्या महिलांसाठीच्या सरकारी सखी वन स्टॉप सेंटरमध्ये साधारण पाच दिवस राहता येतं. जास्त काळासाठी शक्ती सदन हे निवारागृह आहे, म्हणजे पूर्वीचं स्वाधार गृह. संरक्षण अधिकाऱ्याचा अहवाल झालेला नाही म्हणून निवारागृहाला आसरा नाकारता येत नाही, आणि तुम्ही सांगितलंत तर तुमची ओळख समोरच्याला कळवली जात नाही.

निवास आदेशासोबत कलम १८ चा संरक्षण आदेशही (हिंसा करू नये असा) मागाच. तो मोडला तर एक वर्षापर्यंत कैद किंवा २०,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. आदेशाची प्रत कोर्टातून मोफत मिळते. एक पोलिस ठाण्यात द्या आणि पोच घ्या.