कोनशिला नाही म्हणून झाड हेरिटेज नाही? असं काही नसतं

पुण्यात कुठं जुनं झाड तोडायचा विषय निघाला की एक वाक्य हमखास ऐकू येतं, "ते काय कुणा मोठ्या माणसानं लावलेलं नाही, स्मारक नाही, मग कसलं हेरिटेज?" तर हे साफ चुकीचंय. महाराष्ट्राच्या 1975 च्या शहरी वृक्ष कायद्यात 2021 ला बदल झाला, त्यात निकष एकच, वय. पन्नास किंवा जास्त वर्षांचं झाड म्हणजे हेरिटेज, मग ते पुढाऱ्यानं लावलेलं असो की कावळ्याच्या विष्ठेतून भिंतीत उगवलेला पिंपळ. उलट स्मारकाशेजारी मागच्या वर्षी फीत कापून लावलेला बकुळ, कितीही मान असला तरी अजून हेरिटेज नाही. आणि तोडायची परवानगी मिळालीच तर झाडाचं जेवढं वय तेवढी नवी झाडं लावायची, म्हणजे ऐंशीच्या वडाला ऐंशी रोपं (सावली कधी मिळणार ते विचारू नका).

पुण्यातल्याच गणेशखिंड उद्यानाचं प्रकरण वेगळं, ते जैवविविधता वारसा स्थळ आहे, म्हणजे तिथं एकेक झाड नाही तर अख्खी जागाच वारसा, तो कायदाच दुसरा.

बाकी आमच्या कोपऱ्यावरच्या वडाला स्मारकाची पाटी आहे, पण ती खोडातच चार खिळे ठोकून लावलीय आणि पाराचं काँक्रीट पार बुंध्याला भिडलंय.