प्रतिस्पर्ध्याच्या गोलपोस्टमध्ये आपला गोलरक्षक : एका जुन्या वादाची पार्श्वभूमी

एखाद्या क्लबचा पहिल्या पसंतीचा गोलरक्षक कट्टर प्रतिस्पर्ध्याकडे जाणार अशी कुणकुण लागली, की त्या क्लबच्या चाहत्यांमध्ये दोन तट पडायला वेळ लागत नाही. व्यावसायिक खेळाडूने आपले हित पाहिले तर त्यात गैर काय, असे एक तट म्हणतो. दुसऱ्याच्या लेखी ही सरळसरळ फितुरी असते. वाद पैसा आणि निष्ठा या दोन शब्दांभोवती फिरत राहतो. मात्र गेल्या शंभर वर्षांतील अशा प्रकरणांकडे पाहिले, तर चाहत्यांचा अंतिम निवाडा या दोहोंपैकी कशावरही ठरलेला दिसत नाही. खेळाडूला बाहेरचे दार क्लबने दाखवले की ते त्याने स्वतः उघडले, यावर तो बहुतेक वेळा ठरला आहे.

हा वाद गोलरक्षकाच्या बाबतीत अधिक तीव्र होतो, त्याला त्या जागेचे स्वरूप कारणीभूत आहे. मैदानावर आघाडीचे दोन-तीन खेळाडू एकत्र खेळू शकतात, पण गोलरक्षक एकच असतो, आणि त्याची जागा पक्की झाली की ती सहसा दहा-दहा वर्षे हलत नाही. त्यामुळे तो क्लबच्या ओळखीचा भाग होऊन बसतो. याच कारणाने मोठ्या क्लबमध्ये दोन उत्तम गोलरक्षक फार काळ नांदत नाहीत. एकाला जावे लागते, आणि त्याच्या तोलामोलाची जागा रिकामी असणारे क्लब त्या घडीला मोजकेच असतात, ज्यांत प्रतिस्पर्धीही असू शकतो. शिवाय क्लब बदललेला आघाडीपटू जुन्या मैदानावर धावपळीत हरवून जातो. गोलरक्षकाला मात्र जुन्या चाहत्यांच्या स्टँडकडे पाठ करून पंचेचाळीस मिनिटे उभे राहावे लागते.

या इतिहासाच्या आरंभीच्या प्रकरणांपैकी सर्वांत ठळक प्रकरण बार्सिलोना शहरातील आहे. 1901 मध्ये याच शहरात जन्मलेला रिकार्दो झामोरा 1916 मध्ये एस्पान्योलमध्ये दाखल झाला, 1919 मध्ये त्याच शहरातील बार्सिलोनाकडे गेला आणि 1922 मध्ये पुन्हा एस्पान्योलमध्ये परतला. 1929 मध्ये त्याने एस्पान्योलला स्पॅनिश चषक मिळवून दिला. 1930 मध्ये रेआल माद्रिदने त्याच्यासाठी 1,50,000 पेसेटा मोजले, जी त्या काळी डोळे विस्फारायला लावणारी रक्कम होती. माद्रिदने आपली पहिली दोन लीग विजेतेपदे त्याच्याच काळात, 1932 आणि 1933 मध्ये मिळवली. जून 1936 मध्ये, यादवी युद्धाला जेमतेम महिना उरला असताना, व्हॅलेन्सियाच्या मेस्ताया मैदानावर झालेल्या चषकाच्या अंतिम सामन्यात माद्रिदने बार्सिलोनाला 2-1 असे हरवले. शेवटच्या क्षणी बार्सिलोनाच्या एस्कोलाचा फटका अडवणारा गोलरक्षक एकेकाळी बार्सिलोनाचाच होता. स्पॅनिश लीगमध्ये सामन्यांच्या प्रमाणात सर्वांत कमी गोल स्वीकारणाऱ्या गोलरक्षकाला आजही झामोराच्याच नावाचा करंडक दिला जातो. तीन परस्परविरोधी क्लबांचा अंगरखा चढवलेल्या माणसाचे नाव असे सर्वमान्य व्हावे, हे आजचे वाद ऐकताना थोडे गमतीचे वाटते.

झामोराची भ्रमंती तेव्हा अपवादच होती, कारण खेळाडूचे जाणे-येणे बहुतांशी क्लबच्या मर्जीवर अवलंबून असे. इंग्लंडमध्ये तर करार संपल्यावरही क्लब खेळाडूची नोंदणी आपल्याकडे राखून ठेवू शकत असे. त्याला वेतन न देता अडवून धरणेही शक्य होते. न्यूकॅसलच्या जॉर्ज ईस्टहॅमने या पद्धतीविरुद्ध दाद मागितली आणि 1963 मध्ये न्यायालयाने ती व्यवसाय-स्वातंत्र्यावरील गैरवाजवी बंधन असल्याचा निर्णय दिला. पुढे डिसेंबर 1995 मध्ये बेल्जियमच्या ज्याँ-मार्क बोसमनच्या खटल्यात युरोपीय न्यायालयाने निकाल दिला, की करार संपलेला खेळाडू युरोपीय संघातील दुसऱ्या देशाच्या क्लबकडे, त्या क्लबने जुन्या क्लबला कोणतीही ट्रान्सफर रक्कम न देता, जाऊ शकतो. या दोन निकालांनी पारडे खेळाडूच्या बाजूला झुकवले. कराराचे शेवटचे वर्ष जवळ आले की क्लबपुढे दोनच वाटा उरू लागल्या : मिळेल त्या किमतीला विकणे किंवा पुढच्या वर्षी फुकट गमावणे. चाहत्यांना निष्ठेचा प्रश्न खऱ्या अर्थाने पडू लागला तो इथपासून, कारण जो जाऊच शकत नाही त्याच्या निष्ठेची परीक्षा होत नसते.

क्लबनेच दार दाखवल्याचे सर्वांत बोलके उदाहरण पॅट जेनिंग्सचे आहे. 1964 पासून तेरा वर्षे तो टॉटनहॅमच्या गोलपोस्टमध्ये होता. 1967 चा एफए चषक आणि 1972 चा यूएफा चषक त्याच्या काळातले, आणि 1967 च्या चॅरिटी शील्ड सामन्यात तर त्याने आपल्या पेनल्टी क्षेत्रातून लांबवर मारलेला चेंडू टप्पा घेऊन मँचेस्टर युनायटेडच्या जाळ्यात गेला होता. 1977 मध्ये टॉटनहॅमची दुसऱ्या श्रेणीत घसरण झाली. व्यवस्थापक कीथ बर्किन्शॉ यांच्या हिशेबात तरुण बॅरी डेन्स पुढची जागा सांभाळणार होता आणि बत्तीस वर्षांच्या जेनिंग्सची गरज उरली नव्हती. उत्तर लंडनमधील हाडवैरी आर्सेनलने त्याला अवघ्या 45,000 पौंडांत घेतले. तिथे तो आणखी आठ वर्षे खेळला, सलग तीन वर्षे एफए चषकाच्या अंतिम सामन्यात उतरला आणि 1979 मध्ये तो चषक जिंकलाही. टॉटनहॅमच्या चाहत्यांनी राग धरला तो त्याच्यावर नव्हे, तर त्याला सोडणाऱ्यांवर. 1985 मध्ये तो पुन्हा टॉटनहॅममध्ये आला, आणि दोन्ही बाजूंकडून सारखाच मान मिळणाऱ्या अगदी थोड्या माणसांत त्याची गणना होते.

पीटर चेकची कथा याच वळणाची आहे. 2004 पासून अकरा वर्षांत त्याने चेल्सीसाठी चार लीग विजेतेपदे आणि 2012 चा चॅम्पियन्स लीग करंडक जिंकला होता. पण 2014 मध्ये चेल्सीचाच दुसरा गोलरक्षक थिबो कुर्तवा लोनवरून, म्हणजे दुसऱ्या क्लबकडची उसनवारी संपवून, परतला आणि चेकला बाकावर बसावे लागले. पुढच्या वर्षी तो आर्सेनलकडे गेला. प्रतिस्पर्ध्याला बळ देणे प्रशिक्षक जोझे मोरिन्यो यांना पसंत नव्हते आणि त्यांनी ते लपवलेही नाही, परंतु मालक रोमान अब्रामोविच यांनी दीर्घ सेवेची कदर म्हणून खेळाडूची इच्छा मानली. चेकच्या कारकिर्दीचा शेवटचा सामना 2019 मधला युरोपा लीगचा अंतिम सामना ठरला, आणि त्यात चेल्सीने त्याच्या आर्सेनलला 4-1 असे हरवले. त्यानंतर काही आठवड्यांतच तो तांत्रिक सल्लागार म्हणून चेल्सीत परतला. मँचेस्टर युनायटेडचा गोलरक्षक राहिलेल्या पीटर श्मायकलने मध्ये सुमारे तीन वर्षे इतरत्र घालवून मग मँचेस्टर सिटीची वाट धरली होती, म्हणून युनायटेडच्या चाहत्यांचा रोष बराचसा निवळलेला होता. तरी नोव्हेंबर 2002 च्या डर्बीआधी, म्हणजे शहरातील या दोन क्लबांच्या सामन्याआधी, त्याचा युनायटेडमधील जुना सहकारी गॅरी नेव्हिलने त्याच्याशी हस्तांदोलन टाळले. अनेकदा चाहत्यांपेक्षा जुने सहकारीच अधिक कडवे निघतात.

जर्मनीतील शाल्के या क्लबच्या वाट्याला हा अनुभव दोनदा आला. येन्स लेमान तिथेच मोठा झाला आणि 1997 मध्ये त्या क्लबसोबत त्याने यूएफा चषक जिंकला. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये डॉर्टमुंडच्या मैदानावर, सामना संपता संपता, त्याने हेडरने गोल करून शाल्केला बरोबरी साधून दिली. वैऱ्याच्या घरी गोलरक्षकाने असा गोल करणे म्हणजे कायमची दंतकथा होणे. परंतु एसी मिलानमध्ये अर्धा हंगाम जेमतेम काढून तो जानेवारी 1999 मध्ये त्याच बोरुसिया डॉर्टमुंडकडे आला. 2002 मध्ये तिथे लीग जिंकूनही डॉर्टमुंडच्या अनेक समर्थकांनी त्याला पुरते आपले मानले नाही. प्रतिस्पर्ध्याकडून आलेल्या खेळाडूवर नवे चाहतेही संशय घेतात, ही बाब अशा चर्चांमध्ये नेहमी निसटते.

मॅन्युएल नॉयरच्या बाबतीत तर ती निसटणे शक्यच नव्हते. गेल्सेनकिर्शेनमध्ये जन्मलेला, लहानपणापासून शाल्केत खेळलेला आणि स्वतः त्या क्लबचा कट्टर चाहता असलेला नॉयर बायर्न म्युनिकला जाणार अशी हवा होती, तेव्हा सर्वांत मोठा विरोध म्युनिकमधून झाला. त्याला जुने कारण होते. 2001 मध्ये हॅम्बर्गविरुद्ध भरपाई वेळेतील गोलने बायर्नने शाल्केच्या तोंडचे लीग विजेतेपद हिरावले, तेव्हा बायर्नचा गोलरक्षक ऑलिव्हर कान कॉर्नरचा झेंडा उपटून मैदानावर लोळला होता. 2009 मध्ये शाल्केने म्युनिकमध्ये विजय मिळवल्यावर नॉयरने नेमकी त्याचीच नक्कल केली. मार्च 2011 मध्ये जर्मन चषकाच्या उपांत्य सामन्यात बायर्नच्या समर्थकांनी ‘नॉयर नको’ अशा अर्थाचे असंख्य फलक उंचावले, आणि शाल्केने तो सामना 1-0 असा जिंकला. एप्रिलमध्ये त्याने करार वाढवणार नसल्याचे जाहीर केले, मे महिन्यात कर्णधार म्हणून शाल्केला चषक जिंकून दिला आणि उन्हाळ्यात तो म्युनिकला गेला. तिथल्या कडव्या समर्थक गटांनी त्याने क्लबच्या बोधचिन्हाचे चुंबन घेऊ नये, आपला अंगरखा त्यांच्या स्टँडकडे भिरकावू नये, अशा अटी घातल्याच्या बातम्या आल्या. लीगमधील पहिल्याच सामन्यात त्याच्या चुकीमुळे बायर्न 0-1 असा हरला. नंतर त्याने एक हजाराहून अधिक मिनिटे गोल होऊ दिला नाही, आणि 2013 मधील लीग, जर्मन चषक आणि चॅम्पियन्स लीग अशा तिहेरी यशानंतर अटींची भाषा विरून गेली. बायर्नच्या चाहत्यांनी त्याला स्वीकारले ते खेळामुळे. शाल्केच्या चाहत्यांची जखम खेळाने भरणारी नव्हती, कारण त्यांचा मुलगा स्वतःहून घर सोडून गेला होता.

कुर्तवाचे प्रकरण या चौकटीत नीट बसत नाही, आणि म्हणूनच ते लक्षात घ्यायला हवे. 2011 ते 2014 या काळात तो अ‍ॅटलेटिको माद्रिदकडे होता, पण लोनवर. मालकी चेल्सीची होती. त्याने अ‍ॅटलेटिकोला युरोपा लीग, रेआलला त्यांच्याच मैदानावर हरवून जिंकलेला स्पॅनिश चषक आणि 1996 नंतरचे पहिले लीग विजेतेपद मिळवून दिले. तो रेआलमध्ये गेला 2018 मध्ये, तेही चेल्सीकडून. कागदोपत्री पाहिले तर त्याने अ‍ॅटलेटिकोला सोडलेच नव्हते. तरीही त्यांच्या मैदानाबाहेरील, शंभरहून अधिक सामने खेळलेल्या खेळाडूंच्या नावांच्या फरशांपैकी त्याच्या फरशीची वारंवार विटंबना झाली, आणि 2019 च्या डर्बीत त्याच्या दिशेने खेळण्यातले उंदीर फेकले गेले. 2022 च्या चॅम्पियन्स लीग अंतिम सामन्यापूर्वी, आता आपण इतिहासाच्या योग्य बाजूला आहोत, असे त्याने म्हटल्यावर उरलासुरला सलोखाही संपला. मालकी कोणाची होती हा वकिलांचा प्रश्न झाला. प्रेम उसनवारीचे नव्हते, असे चाहते मानतात, आणि त्यात तथ्य आहे. कुर्तवाच्या जाण्याने रिकामी झालेली जागा भरताना चेल्सीने अ‍ॅथलेटिक बिल्बाओच्या केपा अरिझाबालागासाठी सुमारे 80 दशलक्ष युरो मोजले, जी गोलरक्षकासाठीची विक्रमी रक्कम होती. ती त्याच्या करारातील रिलीज क्लॉजची रक्कम होती.

या रिलीज क्लॉजमुळे स्पेनमधील वाद इतर देशांपेक्षा वेगळे ठरतात. 1985 च्या एका राजादेशाने तेथील व्यावसायिक खेळाडूला भरपाई देऊन करार मोडण्याची मुभा दिली. म्हणून क्लब भरपाईची रक्कम करारातच लिहून ठेवतात. ती भरली गेली की क्लबला नकार देता येत नाही, मग घेणारा कोणीही असो. 2000 मध्ये लुईस फिगो बार्सिलोनातून रेआल माद्रिदकडे गेला तो याच वाटेने.

झामोराच्या पहिल्या क्लबबदलानंतर शतकभराने, 2025 च्या जूनमध्ये, एस्पान्योलचा जोआन गार्सियाही याच वाटेने बार्सिलोनाकडे गेला. 2016 पासून एस्पान्योलमध्ये घडलेला आणि 2024 च्या ऑलिंपिक सुवर्णविजेत्या स्पॅनिश संघात असलेला हा गोलरक्षक नसता, तर शेवटच्या दिवसापर्यंत घसरणीशी झगडणारा एस्पान्योल पहिल्या श्रेणीत टिकलाच नसता, असे त्यांचे अनेक समर्थक मानतात. त्याच मे महिन्यात बार्सिलोनाने लीग विजेतेपद एस्पान्योलच्या मैदानावर निश्चित केले होते, हे त्या समर्थकांना वेगळे सांगावे लागत नाही. किंमत सुमारे 25 दशलक्ष युरो होती. आता चांगल्या गोलरक्षकासाठी क्लबला याहून पुष्कळ अधिक रक्कम मिळत असताना क्लॉज इतका कमी का ठेवला, हा जाब एस्पान्योलच्या व्यवस्थापनालाही विचारला गेला. मात्र बार्सिलोनाला होकार देण्याचा निर्णय खेळाडूचा होता, म्हणून मुख्य रोख त्याच्यावरच राहिला. बार्सिलोनात त्याच्या येण्याने कर्णधार मार्क-आंद्रे टेर स्टेगनची जागा धोक्यात आली आणि पाठीच्या शस्त्रक्रियेनंतर तो बाजूला पडला. एस्पान्योलने गार्सियाच्या जागी लेगानेसच्या मार्को दिमित्रोविचला आणले. त्याचा करार संपला होता, त्यामुळे ट्रान्सफर रक्कम मोजावी लागली नाही.