राजा दिनकर केळकर संग्रहालय

पुण्याच्या शुक्रवार पेठेत, बाजीराव रस्त्याजवळ असलेले रोजच्या वापरातील जुन्या वस्तूंचे संग्रहालय. नावातला ‘राजा’ कुठल्या संस्थानाचा अधिपती नव्हे. मुलाचे नाव, वडिलांचे नाव, आडनाव अशा आपल्याकडच्या रीतीने वाचले की उलगडा होतो : दिनकर केळकरांचा मुलगा राजा लहानपणीच वारला आणि त्याच्या आठवणीसाठी वडिलांनी आपला संग्रह त्याच्या नावे केला.

दिनकर गंगाधर केळकर (१८९६–१९९०) ‘अज्ञातवासी’ या टोपणनावाने कविता लिहीत. घरचा धंदा चष्म्यांचा. १९२० च्या सुमारास त्यांना वस्तू जमवायचा नाद लागला आणि पत्नी कमलाबाईंच्या साथीने तो जन्मभर टिकला. जुने वाडे पडत होते, खानदानी घरांतले तांब्या-पितळेचे सामान मोडीत निघत होते. मोडीत वजन मोजतात, नक्षी मोजत नाहीत. त्यामुळे वेळेवर पोचणाऱ्या माणसाची गरज होती. केळकर भारतभर हिंडले. सुमारे २०,००० वस्तू जमल्या आणि पुढे त्यांनी त्या महाराष्ट्र शासनाच्या स्वाधीन केल्या. त्यांपैकी २,५०० च्या आसपासच दालनांत मांडलेल्या असतात.

समया, लामणदिवे, दौती, कुलुपे, गंजिफा, वाद्ये, वाड्यांचे कोरीव दरवाजे, चित्रकथी परंपरेतील चित्रे असा पसारा मोठा आहे. पण संग्रहाचा खरा स्वभाव कळतो तो लहान वस्तूंत.

अडकित्ता घ्या. यंत्र म्हणून तो अगदी साधा : एका टोकाला खिळ्याने जोडलेले दोन दांडे, वरच्याला लोखंडी पाते, खाली सुपारी ठेवायला जागा. खिळ्याजवळ सुपारी धरायची आणि लांबच्या टोकाशी मूठ दाबायची, म्हणजे थोड्या जोरात टणक सुपारी कातरते. एवढ्या कामाला आकार कसाही चालला असता. इथे मात्र पोपट, मोर, घोडा, स्त्री-पुरुषांची जोडी असे पितळी अडकित्ते दिसतात; काहींत पाते मिटले की चित्र पुरे होते. पानाचे डबे आणि चुनाळी यांच्या शेजारी ते ठेवले की जेवणानंतरच्या निवांत बैठकीचा सगळा सरंजाम समोर उभा राहतो.

वज्री त्याहून क्षुल्लक. अंघोळीच्या वेळी टाचा घासायची ही वस्तू. गरिबाघरी हेच काम खरबरीत दगडाने किंवा भाजक्या मातीच्या तुकड्याने होई. पितळी वज्रीच्या तळाला खरखरीतपणासाठी रेघा किंवा खाचा पाडलेल्या असतात, आणि वर, जिथे बोटांनी धरायचे तिथे, पक्षी, प्राणी किंवा माणसे बसवलेली. न्हाणीघरातल्या ओल्या अंधारात, घासणाऱ्याखेरीज कुणी पाहणार नाही अशा जागी कारागिराने एवढा जीव ओतावा, याचे नवल वाटते. प्रस्तुत लेखकाच्या मते संग्रहालयातली सर्वांत मोलाची कपाटे हीच. घाईतला प्रेक्षक मात्र ती ओलांडून पुढे जातो.

या वस्तूंवर घडवणाऱ्याचे नाव बहुधा नसते. कासार, तांबट, सुतार, लोहार यांची ही कामे घराण्याच्या हातवळणावरून ओळखायची. अनेक वस्तू अठराव्या-एकोणिसाव्या शतकांतल्या, म्हणजे पणजी-खापरपणजीने हाताळलेल्या असाव्यात अशा. वयस्क प्रेक्षकांना त्या काचेआड पाहताना थोडे चमत्कारिक वाटते : सोऱ्या, विळी, खिसणी तर कालपरवापर्यंत घरात होती.

अपवाद एका दालनाचा. पहिल्या बाजीरावाने मस्तानीसाठी कोथरूडला बांधलेल्या महालाचे अवशेष आणून ते इथे पुन्हा उभे केले आहेत. ‘मस्तानी महाल’ म्हणून ते प्रसिद्ध आहे आणि पुष्कळजण तेवढ्यासाठीच तिकीट काढतात. तिथवर जायची वाट दिवे, अडकित्ते आणि वज्र्यांवरूनच जाते.