जपानी रॉक कराओकेत का अडतं: यंत्र, मात्रा आणि पट्टी

जपानमध्ये कराओके आणि जपानी भाषेतलं रॉक साधारण एकाच वेळी उभं राहिलं, पण पुढची वीस वर्षं त्यांची फारशी गाठ पडली नाही. आज गाणं निवडताना जे अडतं, त्यातलं बरंचसं या उशिरा झालेल्या सोयरिकीतून आलेलं आहे.

आधी यंत्र. १९६७ मध्ये तोक्योत शिगेइची नेगिशी यांनी आणि १९७१ मध्ये कोबेत दाइसुके इनोउए यांनी, एकमेकांशी संबंध नसताना, साथीच्या टेपवर गाण्याची पेटी बनवली. इनोउएंच्या पेटीत १०० येनचं नाणं टाकायचं. पेटंट त्यांनी घेतलंच नाही. या पेट्या बारमध्ये गेल्या. तिथलं गिऱ्हाईक नोकरदार आणि वयस्क, त्यामुळे टेपवर एन्का, म्हणजे जुन्या वळणाची भावुक जपानी गाणी, आणि जुनी लोकप्रिय गाणी. रॉकला तिथे जागा नव्हती.

त्याच सुमारास रॉकवाल्यांचा वेगळाच वाद चालू होता: रॉक जपानीत गाता येतं का? रॉक गायक युया उचिदा आणि त्यांच्या बाजूचे म्हणत, इंग्रजीतच गावं. १९७० साली पहिला अल्बम काढणाऱ्या ‘हॅपी एंड’ या बँडने जपानीतच गाऊन दाखवलं; शब्द ड्रमवादक ताकाशी मात्सुमोतोचे. खरी अडचण मात्रांची. हायकूत ५-७-५ असं जे मोजतात, तेच एकक गाण्यातही चालतं आणि सहसा एका मात्रेला एक स्वर मिळतो. ‘तोक्यो’ हा शब्द तो-ओ-क्यो-ओ असा चार स्वर खातो, ‘निप्पोन’ही नि-प्-पो-न असा चार. बोलताना ‘देस’ ऐकू येणारं ‘देसु’ गाताना बहुधा पूर्ण ‘सु’ घेतं. १९७८ मध्ये आलेल्या ‘सदर्न ऑल स्टार्स’ या बँडच्या केइसुके कुवाताने मात्रा चेपून, शब्द घोळवून गायला सुरुवात केली. म्हणून त्याची गाणी कानाला सैल वाटतात आणि पडद्यावरची अक्षरं वाचत गायला गेलं की जीभ अडखळते.

इथे मराठी माणसाला एक फायदा आहे. अ-इ-उ-ए-ओ हे पाच स्वर आपलेच, आणि जपानी वर्णमालेचा क्रमही बौद्ध भिक्षूंच्या संस्कृत वर्णाभ्यासातून घडलेला. जपानी ‘त्सु’ म्हणजे जवळपास चुन्यातला ‘चु’, आणि ‘चि’ म्हणजे चिंचेतला. रोमन लिपीतून पाठ करण्यापेक्षा शब्द देवनागरीत उतरवून घ्यावेत, फक्त दीर्घ स्वर आणि ‘प्प’सारख्या दुहेरी व्यंजनांची मात्रा सुटी करून लिहावी.

१९८२ मध्ये कराओकेत लेझरडिस्क, म्हणजे चित्रफितीची मोठी तबकडी आली. तबकडीवर मोजकीच गाणी, शिवाय प्रत्येकाला चित्रीकरण हवं. नवं गाणं यायला वेळ लागे. १९८५ मध्ये ओकायामात मालवाहू कंटेनरमध्ये थाटलेली कराओकेची खोली सुरू झाली आणि मग तरुण गिऱ्हाईक आलं. १९९२ मध्ये गाणी टेलिफोनच्या तारेवरून येऊ लागली, तीही ध्वनिमुद्रण म्हणून नव्हे, तर मिडीच्या रूपात: कोणता स्वर, कधी, किती वेळ, एवढ्याच सूचना. फाइल इटुकली, म्हणून यादी झपाट्याने फुगली आणि बँडची गाणी तिच्यात भराभर शिरली. गिटार खेळण्यातली वाटते, हे खरं. पण मिडीत पट्टी बदलताना नुसते स्वरांचे आकडे सरकतात, आवाज फाटत नाही. खऱ्या वाद्यांच्या मुद्रणाची पट्टी फार ओढली की ड्रमसुद्धा विचित्र वाजतात.

पट्टी बदलणं गरजेचं, कारण बँडचा गायक स्वतःच्या गळ्यासाठी लिहितो. जपानी गायक ‘हाय-ए’ म्हणतात तो ४४० हर्ट्झचा स्वर. पुरुषाने पांढरी एकचा सा धरला तर तो तार सप्तकातला ध. न शिकलेला पुरुषी गळा तार म-प पर्यंतच धड जातो. ‘स्पिट्झ’चा मासामुने कुसानो इतका सहज गातो की ‘चेरी’ सोपं वाटतं, आणि फसगत होते. ‘एक्स’चं १९८९ चं ‘कुरेनाइ’ तर उघडच उंच. रिमोटवरची एक पायरी म्हणजे अर्धा स्वर. पुरुषाने स्त्रीचं गाणं घेतलं तर चार-पाच पायऱ्या खाली यावं. पाच वर आणि सात खाली या दोन्ही पट्ट्या एकच, फक्त साथीचं सप्तक बदलतं. सात खाली केलं की बास गढूळ होतो, म्हणून इतकं खाली यायचं असेल तर पाच वर करून स्वतः एक सप्तक खाली गाणं बरं. पायऱ्या धृपदाच्या सर्वांत उंच ओळीवर ठरवाव्यात, पहिल्या कडव्यावर नाही.

ॲनिमेमुळे शिकलेल्या गाण्यांची खोड वेगळी. टीव्हीवर दीड मिनिट वाजतं, खोलीत पूर्ण चार मिनिटं. ‘नारुतो’ या मालिकेमुळे माहीत झालेलं ‘हारुका कानाता’ दुसऱ्या कडव्याला उघडं पाडतं. लांब गिटार सोलो असेल तर रिमोटवर मधलं संगीत टाळायचं बटण शोधून ठेवावं. २०१९ चं ‘किंग ग्नू’चं ‘हाकुजित्सु’ दोन आवाजांचं आहे, सुरुवातच नकली आवाजात, म्हणजे पातळ, उंच ‘फॉल्सेटो’त. एकट्याने घेतलं तर श्वासाला जागा उरत नाही. गुण देणारी सोय लावली असेल तर आरोळ्या आणि बोलल्यासारख्या ओळी टाळाव्यात, कारण यंत्र स्वर जुळला का तेच आधी तपासतं. १९८७ चं ‘लिंडा लिंडा’ घ्यायचं असेल तर गुणांची सोय आधी बंद करावी.