मोठा मदरबोर्ड म्हणजे वेगवान पीसी? नाही

पहिला पीसी जुळवताना हमखास मिळणारा सल्ला: "एटीएक्सच घे, मायक्रो-एटीएक्स स्लो पडतो." हे चूक आहे. ही मदरबोर्डच्या, म्हणजे पीसीचे सगळे भाग ज्यावर जोडतात त्या बोर्डाच्या, आकारांची नावं आहेत: एटीएक्स ३०५ × २४४ मिमी, मायक्रो-एटीएक्स २४४ × २४४, मिनी-आयटीएक्स १७० × १७०. फरक जागेचा आहे, वेगाचा नाही. बी६५० या एकाच चिपसेटचे (बोर्डावरची नियंत्रक चिप) बोर्ड तिन्ही आकारांत मिळतात. प्रोसेसर, रॅम आणि ग्राफिक्स कार्ड तेच असेल तर गेममध्ये फ्रेम्सही जवळपास तेवढ्याच येतात.

वेग खरंच अडतो तो व्हीआरएमपाशी, म्हणजे प्रोसेसरला वीज पुरवणाऱ्या भागात. तो कमकुवत असला आणि त्यावर हीटसिंकही (उष्णता काढून घेणारा धातूचा ठोकळा) नसला, की जास्त वीज खाणाऱ्या प्रोसेसरखाली तो तापतो आणि प्रोसेसरचा वेग आपोआप उतरतो. अगदी स्वस्त बोर्ड बहुतेक मायक्रो आकाराचे असतात, म्हणून दोष आकाराच्या माथी बसतो.

एटीएक्समध्ये जास्तीचे पैसे प्रामुख्याने जादा स्लॉटचे, म्हणजे कार्डं वगैरे बसवायच्या खाचांचे. एक ग्राफिक्स कार्ड आणि दोन एम.२ एसएसडी (थेट बोर्डावर बसणारं स्टोरेज) लावणाऱ्याकडे ते रिकामेच राहतात. मिनी-आयटीएक्स मात्र पहिल्या जुळणीला नकोच: रॅमचे दोन स्लॉट, कार्डाचा एक, आणि आत बोटं शिरत नाहीत.

एटीएक्स केसमध्ये मायक्रो बोर्ड बसतो, उलटं जमत नाही. बसवण्याआधी स्टँडऑफ (केसमधले, बोर्ड ज्यांवर टेकतो ते छोटे धातूचे खांब) बोर्डाच्या भोकांशी ताडून पाहा. भोक नसलेल्या जागी राहिलेला एक स्टँडऑफसुद्धा बोर्ड मागून शॉर्ट करू शकतो. केसच्या पुढच्या बाजूला रेडिएटर (लिक्विड कूलरचा उष्णता बाहेर टाकणारा भाग) लावणार असाल तर ग्राफिक्स कार्डाच्या लांबीसाठी असलेल्या जागेतून पंख्यासकट साधारण ५५ मिमी वजा करा. टॉवर कूलरची (प्रोसेसरवर उभा बसणारा पंख्याचा कूलर) उंचीही केसच्या मापांशी जुळवून बघा, नाहीतर बाजूचं झाकण लागत नाही.