दौलताबादचे सक्तीचे स्थलांतर

दिल्लीचा सुलतान मुहम्मद तुघलक (कारकीर्द १३२५–५१) याने देवगिरीला दौलताबाद हे नाव देऊन तेथे केलेली दिल्लीकरांची रवानगी. ‘तुघलकी फर्मान’ हा वाक्प्रचार सर्वश्रुत आहे. काळ साधारणतः १३२७ मानतात. काही अभ्यासक आधी राजमाता व दरबारी आणि १३२९ च्या सुमारास इतर रहिवासी, असे दोन टप्पे पाडतात. दुसऱ्यात सक्ती अधिक झाली असावी.

हेतूबद्दल मूळ साधनांतच मतभेद आहेत. तत्कालीन इतिहासकार झियाउद्दीन बरनी देवगिरी साम्राज्याच्या मध्यावर असल्याचे कारण देतो. मोरोक्कोचा प्रवासी इब्न बतूता म्हणतो, दिल्लीकर रात्री शिव्यांनी भरलेली निनावी पत्रे दरबारात टाकत, म्हणून सुलतानाने हा सूड उगवला. पण तो दिल्लीत पोचला १३३४ मध्ये, म्हणजे त्याची हकीकत ऐकीव. कवी-इतिहासकार इसामीलाही हा दिल्लीकरांवरचा रोषच वाटतो. त्याचे नव्वदीचे आजोबा पहिल्याच मुक्कामी, तिलपतला, वारले. त्याचे दुःख खरे, मात्र ग्रंथ १३५० मध्ये, तुघलकाविरुद्धच्या बंडातून दख्खनमध्ये उभ्या राहिलेल्या बहमनी सत्तेच्या आश्रयाखाली लिहिलेला, हे विसरू नये. दख्खनमधील सगरचा सुभेदार बहाउद्दीन गुर्शास्प याचे बंड नुकतेच मोडले होते; त्यामुळे दख्खनमध्ये भरवशाचा वर्ग कायमचा बसवण्याचा डाव अधिक संभवतो.

दिल्लीत कुत्रे-मांजरही उरले नाही, हे बरनीचे विधान शब्दशः घेऊ नये. संवत १३८४ (इ. स. १३२७–२८) चे दिल्ली परिसरातील संस्कृत शिलालेख तेथील हिंदू व्यापाऱ्यांचे व्यवहार चालू असल्याचे दाखवतात, आणि दोन्ही शहरांत नाणी पडत होती. यावरून आधुनिक इतिहासकार महदी हुसेन यांनी दिल्ली व दौलताबाद अशा दोन राजधान्या होत्या, असे मत मांडले. हललेले लोक मुख्यतः उमराव, उलेमा (धर्मपंडित), सूफी व त्यांचे आश्रित होते, हे मत आता बहुधा मान्य आहे. घरांची किंमत सरकारातून चुकती झाली आणि चाळीस दिवसांच्या वाटेवर दुतर्फा झाडे होती, असे खुद्द इब्न बतूताच सांगतो.

सूफी संत बुऱ्हानुद्दीन गरीब आणि कवी अमीर हसन सिज्जी यांची दौलताबादजवळील खुलताबादेतील थडगी या स्थलांतराची ठळक खूण होय. देवगिरीच्या मूळ रयतेकडे फारसी इतिहासकारांनी फारसे लक्ष दिलेले नाही.

सुमारे १३३५ मध्ये तमिळ प्रदेशातील माबरवरच्या मोहिमेत वरंगळला फौजेत साथ पसरली आणि सुलतान आजारी पडून परतला. वाटेत बीडजवळ पडलेला त्याचा दात समारंभाने पुरून त्यावर घुमट बांधला, असे नंतरचा इतिहासकार फिरिश्ता लिहितो. त्याच सुमारास दिल्लीला परतण्याची मुभा मिळाली. अनेक जण मात्र येथेच राहिले. पुढे दख्खनमधील सादा अमीरांनी (सुलतानाच्या स्थानिक अधिकाऱ्यांनी) बंड करून दौलताबाद घेतले आणि १३४७ मध्ये तेथेच बहमनी सत्तेचा संस्थापक हसन गंगू याला तख्तावर बसवले.