पार्श्वभूमी : नारदीय कीर्तन आणि आक्रसलेला पूर्वरंग

पुण्याच्या सदाशिव पेठेत नारद मंदिर आहे. तिथली हरिकीर्तनोत्तेजक सभा आजही कीर्तन शिकवते. हल्ली तासाभराच्या कार्यक्रमात आणि मोबाइलवरच्या तुकड्यांत कीर्तन बसवताना पहिली कात्री लागते ती पूर्वरंगाला, म्हणजे कथेआधीच्या निरूपणाला. त्याने काय जाते, हे आधी बांधणी पाहिल्याशिवाय कळत नाही.

नवविधा भक्तीत श्रवणाच्या पाठोपाठ कीर्तन येते. दासबोधाच्या चौथ्या दशकातला दुसरा समास याच भक्तीचा. तिथे समर्थ भरपूर पाठांतराचा आग्रह धरतात. ते योग्यच आहे, उभ्याने बोलणाऱ्याला पोथी चाळता येत नाही.

नारदीय कीर्तनात नमन झाले की मूळपद, बहुधा संतांचा एखादा अभंग. पूर्वरंगात त्यातला एकच सिद्धान्त धरून निरूपण चालते, आधाराला गीता-ज्ञानेश्वरीतली वचने, म्हणजेच प्रमाणे. मध्यंतरात नामघोष, बुक्का, हार. या वेळी वयाने वडील माणसेही कीर्तनकाराच्या पाया पडतात, कारण तो नारदाच्या गादीवर उभा असतो. उत्तररंगात आख्यान : आर्या, साकी, दिंडी, ओवी, कटाव अशा पद्यप्रकारांतून चाल पालटत कथा पुढे सरकते आणि अखेर मूळपदाला येऊन मिळते. मग आरती. वारकरी कीर्तनात असे दोन रंग नसतात. एकाच अभंगाचे चरण टाळ-मृदंगाच्या साथीने उलगडतात.

आख्यान हा पूर्वरंगातल्या सिद्धान्ताचा दाखला असतो. आवडती कथा आधी ठरवून तिला शोभेसे पद मागाहून शोधले, की दोन्ही रंग एकमेकांना ओळखत नाहीत. दुसरी चूक गळ्याची : नमनालाच वरच्या पट्टीत सुरुवात केली तर आख्यानातल्या कटावापर्यंत आवाज उरत नाही.

या साच्याने विषय बरेच बदलून घेतले. मोरोपंतांच्या (१७२९–१७९४) आर्या कीर्तनकारांनी घरोघर नेल्या. विसाव्या शतकाच्या आरंभी डॉ. दत्तोपंत पटवर्धनांनी राष्ट्रीय कीर्तन रुजवले. आख्यानात पुराणपुरुषांच्या जोडीला शिवराय आले. १८९५ मध्ये ख्रिस्ती झालेल्या ना. वा. टिळकांनी हाच प्रकार ख्रिस्तचरित्रासाठी वापरला. देव बदलला तरी बांधणी टिकली, ही मला या परंपरेतली सर्वांत मोलाची गोष्ट वाटते. गाडगे महाराजांनी (१८७६–१९५६) मात्र बांधणीच सैल केली : श्रोत्यांना प्रश्न विचारायचे, त्यांच्याच तोंडून उत्तर काढायचे. तरीही आधी मुद्दा आणि मग दाखला, हे त्यांनी सोडले नाही.

म्हणून तासच हातात असेल तर आख्यान आखडावे. उपकथा आणि वर्णने गाळली तरी चालतात. पंचवीसेक मिनिटे पूर्वरंगाला, पाच मध्यंतराला, उरलेला वेळ आख्यान आणि आरतीला. प्रमाणे दोन-तीनच घ्यावीत, पण पूर्ण म्हणावीत. अर्धवट चरण म्हणून पुढे गेले, तर श्रोत्याला आधार कशाचा दिला तेच कळत नाही.